धड घर नाही, धड गाडी नाही

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी न्यू जर्सीहून काकांचा फोन आला. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तीस वर्षं नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेत. दोघांनी ठरवलंय की आता मोटरहोम घ्यायची आणि वर्षातले चारपाच महिने अमेरिका बघत फिरायचं. काकांनी दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एक नवी कोरी, डीलरकडे उभी असलेली. दुसरी दहा वर्षांची, एका वयस्कर जोडप्याची, नवीच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. "अगं, तू यावरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, नवी घेऊ की जुनी?"

मी जरा चाचरले. माझा विषय अमेरिकेतल्या मोटरहोमचा इतिहास आहे, तिची खरेदी नाही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गेली तीन वर्षं मी जे वाचतेय त्याचं मूळ या प्रश्नातच आहे. काकांना मी अर्ध्या तासात काहीतरी तुटक सांगितलं. तुम्हाला जरा सविस्तर सांगते.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. मोटरहोम म्हणजे जिच्या एकाच सांगाड्यावर इंजिन आणि घर दोन्ही असतं ती गाडी. मागे ओढून न्यायचं ते ट्रेलर. दोन्ही मिळून 'आरव्ही'. मोटरहोममध्ये पुन्हा तीन जाती: बसएवढी मोठी ती क्लास ए, व्हॅनच्या आतच बसवलेली ती क्लास बी, आणि ट्रकच्या केबिनमागे खोली जोडलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ती क्लास सी. (बी आधी आणि सी नंतर असूनही सी ही बीपेक्षा मोठी. हे मला आजवर कुणी धड समजावून सांगितलेलं नाही.) काकांच्या दोन्ही गाड्या क्लास सी होत्या.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं की वस्तू आधी नवी असते आणि मग जुनी होते. मोटरहोमचा इतिहास उलटा आहे. इथे बराच काळ 'जुनी' हाच एक पर्याय होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ज्याला चालतं घर हवं असे, तो एखादी जुनी बस किंवा ट्रक घेई आणि आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेई. श्रीमंतांची गोष्ट वेगळी. 1915 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे रोलंड कॉंकलिन आपल्याच कंपनीत बनवून घेतलेल्या प्रचंड गाडीतून कुटुंबासकट सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले, तेव्हा वर्तमानपत्रांना भरपूर खाद्य मिळालं. पण दुकानात जाऊन पैसे मोजून आणावी अशी ती वस्तू नव्हती.

1964 मध्ये लेखक केन कीसी आणि त्यांच्या मित्रमंडळाने ज्या रंगीबेरंगी बसमधून अमेरिका पालथी घातली, ती हिप्पी काळाची खूणच होऊन बसली. ती बस 1939 सालची शाळेची बस होती, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की कीसींनी ती घेतली तेव्हा तिच्यात झोपायच्या फळ्या आणि स्वयंपाकघर आधीच होतं. आधीच्या मालकाने आपल्या अकरा मुलांना सुट्टीत हिंडवण्यासाठी ते करून घेतलं होतं. म्हणजे बंडखोरीचं ते प्रतीक खरं तर एका लेकुरवाळ्या गृहस्थाने विकलेली सेकंडहँड मोटरहोम होती.

बदल झाला तो 1960 च्या आसपास. मिशिगनमधल्या ब्राऊन सिटीचे शेतकरी रेमंड फ्रँक यांनी 1958 मध्ये घरच्यांसाठी एक गाडी बांधली. बघणाऱ्यांनी "आम्हालाही एक द्या" म्हटलं आणि 1961 पासून ते त्या बनवून विकू लागले. पण खरी उलथापालथ केली आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावाने. शेतीवर पोट भरत नाही म्हणून तरुण गाव सोडत होते. जॉन हॅन्सन हे तिथले व्यापारी. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि जोडीला अंत्यसंस्काराचा व्यवसाय. 1958 मध्ये त्यांनी आणि इतर गावकऱ्यांनी खटपट करून एका कॅलिफोर्नियाच्या कंपनीचा ट्रेलरचा कारखाना गावात आणला. तो डबघाईला आल्यावर गावकऱ्यांनीच विकत घेतला. 1961 मध्ये जिल्ह्याच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं विनेबागो. 1966 मध्ये त्यांची पहिली मोटरहोम असेंब्ली लाइनवरून बाहेर पडली, तीही स्पर्धकांच्या साधारण निम्म्या किमतीत.

निम्मी किंमत कशी जमली? उत्तर भिंतीत आहे, आणि माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या भिंतीवर आहे, म्हणून जरा थांबते. विनेबागोने भिंत एकावर एक थर चिकटवून बनवली: बाहेर पातळ पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लायवुड. सँडविचच म्हणा. वजनाला हलकी, उष्णता अडवणारी, आणि सुतारांची फौज न लावता भराभर तयार होणारी. पुढे जवळजवळ सगळ्या उद्योगाने आपापल्या पद्धतीने असल्याच भिंती उचलल्या. बाहेर पत्र्याऐवजी फायबरग्लास आलं, पण आतलं लाकूड आणि डिंक राहिले. या भिंतीचा शत्रू एकच: पाणी. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेतून, दिव्याच्या स्क्रूच्या भोकातून थेंबभर पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजतं, डिंक सुटतो आणि बाहेरचा पृष्ठभाग फुगून येतो. आपल्याकडे भिंतीला ओल आली की पोपडे धरतात, तसंच. फरक एवढाच की आपल्या घरात ओल लगेच दिसते. इथे ती दिसते तेव्हा आतलं सगळं संपलेलं असतं.

तर 1966 नंतर पहिल्यांदा सामान्य माणसासमोर 'नवी की जुनी' हा प्रश्न आला. आणि आला तोच घोळ घेऊन. कारण ही वस्तू विकली गेली घर म्हणून आणि झिजू लागली गाडीसारखी. घराची किंमत वाढते अशी मध्यमवर्गाची श्रद्धा. गाडीची किंमत शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच घसरते हे सगळ्यांना माहीत. पण जाहिरातीत पडदे, गालिचे, जेवणाचं टेबल आणि हसरी आई. आजही मोठ्या मोटरहोमला पंधरा-वीस वर्षांचं कर्ज मिळतं, गृहकर्जाच्या थाटात. वस्तूची किंमत कर्जापेक्षा वेगाने खाली जाते, आणि मग विकायची म्हटली तरी खिशातून पैसे घालून विकावी लागते.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. एका गॅलनमध्ये जेमतेम आठ-दहा मैल जाणारी गाडी कोण घेणार? विक्री कोसळली, कारखान्यांनी कामगार कमी केले. जनरल मोटर्सने नेमकी त्याच वर्षी आपली जीएमसी मोटरहोम बाजारात आणली होती, म्हणजे मुहूर्त बघा. 1978 पर्यंत सुमारे 13 हजार बनवून त्यांनी तो नाद सोडला. पण या गाडीत अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि फायबरग्लास होतं, सँडविच भिंत नव्हती. तिच्या वयाच्या कित्येक गाड्या कधीच्या भंगारात गेल्या. जीएमसीच्या मात्र आजही रस्त्यावर आहेत, त्यांचे क्लब आहेत, संमेलनं भरतात. पन्नास वर्षांची गाडी दहा वर्षांच्या गाडीपेक्षा धडधाकट असू शकते, कारण तिचं वय भिंत ठरवते. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सालाला काही अर्थच नाही?" अर्थ आहे, पण दुय्यम.

इथे एका अर्थशास्त्रज्ञाची भेट घालून देते. 1970 मध्ये जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा लेख लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. 2001 मध्ये त्याच विचारासाठी त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा साधा. जुनी गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि उरतात त्या खटारा. अमेरिकन बोलीत अशा गाडीला 'लेमन' म्हणतात. याच लेखात अॅकरलॉफ आपल्याकडेही येतात: बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणी त्यांनी उदाहरण म्हणून घेतली आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ग्रंथालयात हसू आवरेना. माझी आजी सूप घेऊन अंगणात बसायची ती काय 'माहितीच्या विषमतेवर' उपाय करत होती!

पण मोटरहोमच्या बाबतीत अॅकरलॉफ पुरत नाहीत, असं माझं मत. (माझ्या मार्गदर्शकांचं अजून झालेलं नाही.) त्यांचा विकणारा जाणता आहे. तो रोज गाडी चालवतो, कुरकुर ऐकतो. मोटरहोमचा मालक वर्षातले दहा महिने ती आवारात उभी ठेवतो. भिंतीत पाणी शिरलंय हे त्यालाही ठाऊक नसतं. तो खोटं बोलत नाही. "एकदम उत्तम आहे हो" असं तो मनापासून म्हणतो. म्हणून त्याच्या चेहऱ्यावरून काही ताडण्यात अर्थ नाही. आणि उलट बाजूला, नवी मोटरहोमही कारसारखी 'निर्दोष म्हणून घ्यावी' अशी नसते. चेसिस एका कंपनीची, घर दुसरीचं, फ्रिज तिसरीचा, जनरेटर चौथीचा, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. हातांनी जोडलेलं घर ताशी शंभर किलोमीटरने हादरत जातं तेव्हा काय सुटतं, काय गळतं हे पहिल्या वर्षी कळतं, आणि ते शोधून काढायचं काम पहिल्या मालकाकडे असतं. फुकट, उलट पैसे मोजून. दुसऱ्या मालकाला कधीकधी या दुरुस्त्यांचं फळ आयतं मिळतं. अकरा मुलांच्या बापाने बसवलेल्या फळ्या कीसींना मिळाल्या, तसं.

मग कायदा काय करत होता? माझ्या संशोधनातला हाच भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. 1970 आणि 80 ची दशकं अमेरिकेत ग्राहक संरक्षणाची. एकेक कायदा घेऊन मी बघत गेले की यात मोटरहोम कुठे बसते. 1974 मध्ये संसदेने कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठी कायदा केला. 1976 पासून त्यांना बांधणीचे राष्ट्रीय नियम लागू झाले. मोटरहोम? ती घर नाही, सहलीचं वाहन आहे, वगळा. 1972 च्या कायद्याने ओडोमीटर मागे फिरवणं गुन्हा ठरलं आणि विकताना किती मैल झाले ते लिहून देणं सक्तीचं झालं. पण नियमात 16 हजार पाउंडांपेक्षा जास्त वजनक्षमतेच्या वाहनांना लिहून देण्यातून सूट; क्लास ए मधल्या बऱ्याचशा गाड्या तिथे सुटल्या. 1985 पासून डीलरने जुन्या गाडीच्या काचेवर 'वॉरंटी आहे की जशी आहे तशी' हे सांगणारा कागद चिकटवायचा, असा नियम आला. त्यातही वाहनाची व्याख्या अशी: वजनक्षमता 8,500 पाउंडांच्या आत, रिकामं वजन 6 हजारांच्या आत, आणि समोरचं क्षेत्रफळ 46 चौरस फुटांच्या आत. काकांची क्लास सी 14,500 पाउंडांची. म्हणजे ओडोमीटरच्या नियमात ती आहे, कागदाच्या नियमात नाही.

1982 मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला 'लेमन कायदा' केला: नवी गाडी वारंवार बिघडली तर कंपनीने बदलून द्या किंवा पैसे परत करा. इतर राज्यांनी मागोमाग तेच केलं. कॅलिफोर्नियाने मोटरहोमला आत घेतलं, पण कशी? चेसिस आणि गाडी चालवणारा भाग तेवढा 'नवं मोटार वाहन'; माणसाने राहायचा भाग त्या व्याख्येत नाही. त्या भागाला वॉरंटीचा सर्वसाधारण कायदा आहे, पण मोटारीला मिळतं ते खास कवच नाही. कायद्याने जणू करवत घेऊन गाडी ड्रायव्हरच्या सीटमागे कापली. आणि गळतं ते नेमकं करवतीच्या मागच्या बाजूला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. 1986 मध्ये करकायदा बदलला आणि कर्जाच्या व्याजावरची सवलत मुख्य घर आणि एक दुसरं घर एवढ्यापुरती ठेवली. दुसरं घर कशाला म्हणायचं? जिथे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय आहे ते. बोटसुद्धा चालते. मोटरहोमही चालते! म्हणजे कर्ज काढून विकत घ्यायची असेल तेव्हा ती घर, आणि तिची बांधणी तपासायची वेळ आली की वाहन. यात कुणी कट केला असं मी म्हणत नाही. कागदपत्रांत तसं काही दिसत नाही. प्रत्येक कायदा करणाऱ्यासमोर दुसरी वस्तू होती, आणि ही मधल्या मध्ये राहिली. एक मात्र न्यायाने सांगायला हवं: सुरक्षेच्या दोषांसाठी गाड्या परत बोलावण्याचा राष्ट्रीय कायदा मोटरहोमला लागू आहे, आणि गाडीच्या नंबरावरून कुठले रिकॉल बाकी आहेत ते कुणालाही फुकट बघता येतं.

अलीकडचं थोडक्यात. कोविडमध्ये विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली आणि लोक आरव्हीवर तुटून पडले. 2021 मध्ये ट्रेलर धरून 6 लाखांहून जास्त आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, हा आजवरचा उच्चांक. 2023 मध्ये तो आकडा 3 लाख 13 हजारांवर आला. त्या लाटेत घेतलेल्या कितीतरी गाड्या आता पुन्हा विकायला निघाल्यात: मैल कमी, भाव मवाळ, फोटो सुंदर. 1970 च्या दशकाची पुनरावृत्ती म्हणायचा मोह होतो, पण तेव्हा पेट्रोलने घात केला होता, आता हौस फिटली.

तर मी काकांना काय सांगितलं? नवी की जुनी, हे मी सांगितलं नाही. मी म्हटलं, दोन्हींना एकच प्रश्न विचारा: पाणी कुठून शिरेल आणि ते शोधायचा खर्च कोण करणार? नवी घेतलीत तर वॉरंटीचं वर्ष गाडी उभी ठेवू नका. पहिल्या महिन्यापासून पावसात, थंडीत, खड्ड्यांतून न्या, जे सुटायचंय ते सुटू दे. जुनी घेणार असाल तर मैल बघून भुलू नका. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. जनरेटरचे तास बघा. शिडी लावून छतावर चढा आणि सांध्यांवरचं सीलंट बघा. कोकणात घर दरवर्षी पावसाआधी शाकारतात, तसं या छताचंही दर वर्षी करावं लागतं, आणि आधीच्या मालकाने ते केलं का, याच्या पावत्या मागा. गालिचा असेल तर कोपऱ्यातून उचला. ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते प्रत्येक खिडकीखाली लावा. आणि पैसे देण्याआधी स्वतंत्र तपासनीस बोलवा, मग गाडी नवी असो वा जुनी.

काका म्हणाले, "एवढं सगळं मी बघत बसलो तर तो माणूस मला हाकलून देईल." मागून मावशीचा आवाज आला, "देऊ दे. मी घर घेताना नळ सोडून बघितले होते की नाही?"

परवा मावशीने फोटो पाठवले. जुन्या गाडीच्या मागच्या खिडकीखाली ते यंत्र धरलेला काकांचा हात, आणि त्यावर आकडा. आकडा चांगला नव्हता. विकणाऱ्या आजोबांनाही ते पाहून धक्का बसला म्हणे. ते तिथेच पायरीवर बसून राहिले. मावशीने थर्मासमधला चहा त्यांना दिला. काकांनी घरी येऊन भाव किती कमी मागायचा याचा हिशोब मांडलाय, आणि भिंत उघडून दुरुस्त करायला किती लागतील याचाही. दोन्ही आकडे अजून जुळत नाहीत. नव्या गाडीच्या डीलरला त्यांनी येत्या शनिवारची वेळ दिली आहे, आणि मावशीने यंत्राच्या बॅटऱ्या बदलून ठेवल्यात.